गफूरभाई आणि अकरा डबे

ज्या जपानी मोटार कंपनीचा उल्लेख या लेखात वारंवार येणार आहे, तिचे नाव मी लिहिणार नाही. मी अबू धाबीत राहतो आणि अब्रूनुकसानीच्या बाबतीत येथील कायदा किती कडक आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. वास्तविक मी त्या कंपनीची स्तुतीच करणार आहे. परंतु स्तुतीबद्दल कोणी खटला भरणार नाही, अशी हमी मला आजवर एकाही वकिलाने लेखी दिलेली नाही. वाचकांनी एवढेच समजावे की या देशातील कोणत्याही सिग्नलवर थांबले असता आजूबाजूला ज्या पांढऱ्या गाड्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा तिच्या असतात. गफूरभाई तिला ‘आपली कंपनी’ म्हणत. त्या कंपनीशी त्यांचा कोणताही करार नव्हता, तिचे नियुक्तिपत्र त्यांच्याकडे नव्हते, आणि जपानमध्ये त्यांना कोणी ओळखत असण्याची सुतराम शक्यता नव्हती.

अबू धाबीला लागून असलेल्या मुसफ्फाच्या गॅरेजवस्तीत मोटारींच्या सुट्या भागांचे एक दुकान आहे. तेथील काउंटरमागे गफूरभाई उभे असत. ‘उभे’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. मागे एक स्टूल होते, पण त्यावर त्यांचा चहा बसे. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठचे, वय साठीच्या पुढे, दाढी आखूड आणि पांढरी, सदऱ्याच्या खिशात एक हिरवी पेन्सिल. दुकान त्यांच्या पत्नीच्या धाकट्या भावाचे, शर्फुद्दीनचे. गफूरभाईंचा व्हिसाही त्याच दुकानाच्या लायसन्सवर होता. म्हणजे मेहुण्याने टायपिंग सेंटरमध्ये जाऊन एक अर्ज टाईप करून घेतला, की गफूरभाईंचा या देशातील तीस वर्षांचा मुक्काम संपला. ही वस्तुस्थिती दोघांनाही ठाऊक होती, आणि शर्फुद्दीन दर नूतनीकरणाच्या वेळी ती हसतहसत बोलूनही दाखवी.

“काय दुल्हाभाई, या वेळी पण रिन्यू करून टाकू ना?”

“कर बाबा. एवढ्यात घरी आलेला मी तुझ्या बहिणीलाच चालणार नाय.”

माझी त्यांची ओळख एका तक्रारीतून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच झालेल्या आहेत. मी मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो, बांधकाम कंपनीच्या करार विभागातून निवृत्त झालो आहे आणि लेखी तक्रारीवाचून या जगात काहीही सुधारत नाही, असे माझे अनुभवांती बनलेले मत आहे. त्या दिवशी मी नव्या ब्रेक पॅडमधून येणाऱ्या खडखडाटाविषयी चार पानी पत्र घेऊन दुकानात शिरलो. पत्राला तीन जोडपत्रे होती. गफूरभाईंनी चष्मा लावला आणि ते पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जोडपत्रांसह, उभ्याने वाचले. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण माझी पत्रे संपूर्ण वाचणारा तो पहिला आणि बहुधा शेवटचा मनुष्य.

“भाषा एक नंबर,” ते म्हणाले. “पण तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय आवाज ब्रेकचा. मला नाय वाटत. गाडी कुठाय?”

ते बाहेर आले, फुटपाथवर पुठ्ठा अंथरला आणि त्या उन्हात गाडीखाली आडवे झाले. मिनिटभरात हात बाहेर आला. त्यात कलिंगड भरून आणायची एक जाड प्लास्टिकची पिशवी होती, अर्धी वितळलेली, अर्धी कडक झालेली. ती सायलेन्सरला चिकटून फडफडत होती.

“ब्रेक निर्दोष, वकीलसाहेब. आरोपी ही.”

मी वकील नाही, असे मी तत्काळ निदर्शनास आणून दिले. त्याचा उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून मी वकीलसाहेब झालो आणि दर गुरुवारी सकाळी त्या काउंटरवर माझी हजेरी लागू लागली.

काउंटरवरचा त्यांचा एक विधी होता. मालाचा नवा डबा आला की गफूरभाई त्याचे झाकण उघडत, डोळे मिटत आणि वास घेत. खऱ्या डब्याच्या पुठ्ठ्याला आणि शाईला एक विशिष्ट वास असतो, असा त्यांचा दावा होता. अत्तराच्या दुकानात माणसे जशी माना मागे टाकतात, तशी मान टाकून ते क्षणभर थांबत आणि मग डोळे न उघडताच झाकणाच्या आतल्या बाजूला हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करत. अशी खूण असलेला डबा मुसफ्फात पुन्हा कोणी तपासत नसे. पठाण ट्रकवाले, केरळी टॅक्सीवाले, आपले सांगली-सोलापूरकडचे पिकअप चालवणारे, सगळे काउंटरवर येऊन आधी झाकण उलटून बघत. एकदा मी त्यांना विचारले की या वासाला कायद्याच्या दृष्टीने काय आधार आहे?

“आधार माझं नाक,” ते म्हणाले. “तीस वर्षांत एकदा चुकलं असेल तर दाखवा.”

मी तो मुद्दा पुढील संदर्भासाठी वहीत टिपून ठेवला.

त्यांच्या नाकाइतकाच त्यांचा विश्वास कंपनीच्या इतिहासावर होता. हा इतिहास त्यांनी कोठे वाचला हे मला शेवटपर्यंत कळले नाही. परंतु ते तो आपल्या खाडीवरच्या एखाद्या घराण्याचा सांगावा तसा सांगत. कंपनीच्या मूळ पुरुषाला ते ‘म्हातारबा’ म्हणत. म्हातारबा आधी मोटारी बनवत नव्हता, तर कापड विणायचे माग बनवत होता.

“त्याचा माग कसला होता, ऐका. एक धागा तुटला, एकच, की माग आपोआप बंद. पुढचं वाकडं कापड विणणारच नाय. शेजारपाजारचे लोक हसले असतील, बोलले असतील की थांबणारं मशीन काय कामाचं? पण तीच तर गंमत. पुढं पोरानं मोटारी काढल्या, तिथंही तेच. कामगार कितीही छोटा असू दे, चूक दिसली की दोरी ओढायची, सगळी लाईन थांबली. मॅनेजर ओरडणार नाय.”

“आणि ते मोटारी पहिल्यापासून उत्तम बनवत होते?”

“कुठलं! पहिले ट्रक रस्त्यात बसायचे. पण बसला की कंपनीची माणसं स्वतः तिथं जायची, माफी मागायची, दुरुस्त करून द्यायची. कुठंही असला तरी. नाव असं होतं, वकीलसाहेब. चांगल्या गाडीनं नाय होत. बिघडलेल्या गाडीकडं चालत जाऊन होतं.”

हा सर्व ऐकीव पुरावा आहे आणि कोणत्याही न्यायालयात तो ग्राह्य धरला जाणार नाही, अशी हरकत मी घेतली. गफूरभाईंनी पेन्सिलीने काचेबाहेर दाखवले. तेथे पिशव्यांनी लादलेली एक जुनी पांढरी पिकअप उभी होती.

“पुरावा तो उभा हाय. सात लाख किलोमीटर. उलटतपासणी घ्या.”

या इतिहासापायी त्यांनी काउंटरवर एक नायलॉनची दोरी बांधली होती आणि तिच्या वरच्या टोकाला सायकलची घंटी. शंका आली की ते दोरी ओढत. घंटी वाजली की त्या काउंटरवरून काहीही विकले जायचे नाही, मग समोर कितीही रांग असो. शर्फुद्दीन आतल्या केबिनमधून ओरडे, “दुल्हाभाई, हे दुकान आहे, शाळा नाही!” गफूरभाई शांतपणे उत्तर देत, “मॅनेजर ओरडणार नाय, असा नियम हाय, शर्फू.” गिऱ्हाईके हसत. त्यांना ही करमणूक होती.

एक वृद्ध अरब मळेवाला महिन्यातून एकदा येई. त्याच्या गाडीला काहीही झालेले नसले तरी येई आणि खजुराचा डबा काउंटरवर ठेवी. त्याचे म्हणणे, ही गाडी कधी मरत नाही. त्याची अरबी मिसळलेली हिंदी आणि गफूरभाईंची कोकणी मिसळलेली अरबी यांत तो संवाद चाले.

“हबीबी, ये गाडी मौत नहीं करता,” मळेवाला म्हणे.

“करता है, बाबा,” गफूरभाई म्हणत. “पण मरायच्या आधी बोलता है. तुम सुनता है, बस.”

आता प्रसंगाकडे येतो.

एका गुरुवारी माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक किंचाळू लागले. पॅड बदलून तीन आठवडेही झाले नव्हते. ते गफूरभाईंच्याच काउंटरवरून घेतलेले होते, झाकणावर हिरवी खूण होती. मी अर्थातच पत्र लिहिले. माझी नात म्हणाली, “आजोबा, इट्स जस्ट अ कार, फोन हिम.” मी तिला सांगितले की फोनला आवक क्रमांक नसतो.

गफूरभाईंनी या खेपेला पत्र वाचले नाही. हसतहसत गाडीकडे आले, आरोपी कोण ते बघू म्हणाले आणि शेजारच्या गॅरेजमध्ये चाक उतरवून घेतले. पॅड हातात आल्यावर त्यांचे हसणे थांबले. त्यांनी पॅडच्या पृष्ठभागावर अंगठ्याचे नख दाबले आणि तो बिस्किटासारखा भुगा होऊन खाली पडला. त्यांनी दुसऱ्या पॅडवर नख दाबले. तेच.

ते दुकानात गेले आणि त्यांनी दोरी ओढली. मग त्याच मालातले उरलेले डबे काढून एकेक उघडत गेले. या वेळी त्यांनी वास घेतला नाही. दिव्याखाली झाकणे बघितली. चौथ्या डब्यावर हात थांबला. त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. झाकणाच्या आत दोन हिरव्या खुणा होत्या. एक ताजी, एक पुसट.

“कळलं?” ते म्हणाले.

मला कळले नाही.

“डबा खरा हाय, वकीलसाहेब. माल खोटा. ही पुसट खूण माझीच, जुनी. खरा माल विकून झाला, रिकामा डबा मीच घडी करून पुठ्ठेवाल्याला दिला. तो कुणी तरी विकत घेतला, त्यात हा भुगा भरला, आणि परत माझ्याच काउंटरवर आणला. मी वास घेतला. वास खराच येणार. डबा खरा! आणि मी डोळे मिटून खूण केली.” त्यांनी खिशातली पेन्सिल काढून काउंटरवर ठेवली. “डोळे मिटून.”

माझ्या संतापाला पारावार उरला नाही. पुरवठादार, मधला व्यापारी, पुठ्ठेवाला, सर्वांवर कोणती कलमे लागतील याची यादी मी तेथल्या तेथे करू लागलो. ग्राहक संरक्षण खात्याला, पोलिसांना आणि म्हातारबाच्या कंपनीला थेट जपानमध्ये, अशी तीन पत्रे माझ्या डोक्यात एकाच वेळी तयार झाली. गफूरभाईंनी माझ्या हातातला कागद काढून घेतला.

“ती पत्रं उद्या लिहा. खुशाल लिहा. आज दुसरं लिहायचंय. या मालाचे अकरा डबे विकलेत मी. एक तुमचा. दहा गाड्या रस्त्यावर पळतायत. कंपनी गाड्या परत बोलावते की नाय? तसं आपण बोलवायचं. तुम्ही लिहा, मी सांगतो.”

शर्फुद्दीन केबिनमधून बाहेर आला होता. त्याचे हसणे मी प्रथमच बंद झालेले पाहिले. तो वाईट मनुष्य नाही. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला दुकानदार कसा बोलतो हे मी त्या दिवशी ऐकले.

“दुल्हाभाई, उरलेला माल फेकून देऊ. खलास. कोण विचारायला आलंय? दहा लोकांना बोलावून सांगणार की शर्फुद्दीनच्या दुकानात डुप्लिकेट विकतात? संध्याकाळपर्यंत सगळ्या मुसफ्फात होईल.”

“होऊ दे. मी विकलेत, माझं नाव सांगू.”

“तुमचं नाव माझ्या लायसन्सवर आहे.” शर्फुद्दीनने केबिनचे दार ओढून घेतले. “तुम्ही हे केलंत ना, तर या वेळी रिन्यू नाही, सरळ कॅन्सल. बहिणीला मी सांगेन काय ते.”

“सांग. पण ब्रेकचं पण सांग तिला.”

मी तोंड उघडले. नोकरी आणि निवास यांविषयीच्या तरतुदी मला पाठ आहेत. गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “लिहा, वकीलसाहेब. ‘मी, गफूर, मुसफ्फा, आपणांस कळवतो की मी आपल्याला जे ब्रेक पॅड विकले ते खोटे निघाले. चूक माझी. गाडी चालवू नका. मी येतो.’ बस्स.”

त्यात ‘कोणत्याही हक्कास बाधा न येता’ एवढे घालू द्या, अशी विनंती मी केली.

“नको.”

माझ्या आयुष्यातील सर्वांत आखूड पत्र तेच. ते मी मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिले आणि मोबाईलवरून पाठवले. पुढल्या तीन दिवसांत गफूरभाईंनी नऊ गाड्यांचे पॅड बदलले. कोणी दुकानात आले, कोणाच्या घरी ते स्वतः गेले. खलिफा सिटीतील एका व्हिलाच्या दारात एका बाईंनी त्यांना अर्धा तास ऐकवले, आणि ते मान खाली घालून “बरोबर हाय, मॅडम, एकदम बरोबर” म्हणत चाक काढत राहिले. एक टॅक्सीवाला उलट हसला. म्हणाला, गफूरभाई चुकले ही बातमीच तो शंभर लोकांना सांगणार आहे. “सांग,” गफूरभाई म्हणाले, “पण आधी चाक काढू दे.” मळेवाल्याची गाडी त्या नऊंतच होती. त्याने खजुराचा डबा या वेळी काउंटरवर न ठेवता गफूरभाईंच्या हातात दिला.

दहावी गाडी सापडेना. ती कामगारांची ने-आण करणारी व्हॅन होती; चालक जतकडचा, नाव महादेव, आणि त्याचा नंबर बंद. चौकशीअंती कळले की त्याची कंपनी शारजाला हमरिया फ्री झोनमध्ये हलली आहे. सोमवारी सकाळी मी गफूरभाईंना घेऊन निघालो. वाटेत त्यांनी मोबाईल दाखवला. व्हिसा रद्द झाल्याचा संदेश आला होता. देश सोडण्याची मुदतही त्यात होती.

मी गाडी बाजूला घेतली आणि शर्फुद्दीनविषयी काय करता येईल ते मुद्द्यांनुसार सांगू लागलो.

“वकीलसाहेब,” ते म्हणाले, “दुकान त्याचं. त्याला भीती वाटली, त्यानं केलं. काउंटर माझं होतं, मला भीती वाटली, मी केलं. यात केस कुठं हाय? यल्ला, चला. व्हॅनमधी चौदा माणसं बसतात.”

हमरियाच्या फाटकाबाहेर सकाळच्या पाळीची सुटलेली माणसे चढत होती, तेव्हा ती व्हॅन मिळाली. महादेव तिशीतला, अंगाने आडवा, चेहऱ्यावर सतत हसू. गफूरभाईंना पाहताच त्याने वाकून नमस्कार केला.

“काका, तुम्ही हिकडं कुठं? ब्रेक जरा आत जातोय बघा चार दिसांपास्नं. म्हटलं, सवय हुईल.”

“सवय!” गफूरभाई ओरडले. मी त्यांना ओरडताना फक्त तेव्हाच ऐकले. “उतर खाली. सगळ्यांना उतरव. या व्हॅनला कुणी हात लावू नका.”

सावली नव्हती. रस्त्याच्या कडेला पुठ्ठा टाकून, साठी उलटलेल्या त्या माणसाने पुढची दोन्ही चाके काढली आणि सोबत आणलेले पॅड बसवले. या वेळी प्रत्येक पॅड त्याने आधी उघड्या डोळ्यांनी पाहिला, मग नखाने दाबून पाहिला, मग बसवला. महादेव मदतीला वाकला की त्याला पाना मिळे आणि सोबत एक शिवी. कॅम्पवर, म्हणजे कामगारांच्या वसतीवर, परतणारी चौदा माणसे रांगेत उभी राहून बघत होती. शेवटचा नट आवळल्यावर महादेव म्हणाला, “बसू का आता समद्यांना घेऊन?”

“नाय. नवा पॅड आधी घासून बसवावा लागतो. रिकामी व्हॅन पळवून.”

ते एकटेच चालकाच्या जागी बसले. समोरचा सरळ रस्ता मोकळा होता. त्यांनी व्हॅन वेगात नेली आणि दाबून थांबवली. पुन्हा नेली, पुन्हा थांबवली. दहा वेळा तरी. दर वेळी थांबण्याचे अंतर तेच येते का, ते डोके बाहेर काढून बघत. मग व्हॅन वळवून आणली, आणि चालकाची जागा सोडून शेजारी सरकले.

“बसा रे आता. महादेव, चालव. तुमच्या कॅम्पपर्यंत मी सोबत येतो. गरम झाल्यावर पॅड कसा धरतो ते बघायचंय.”

“गफूरभाई, मी गाडी घेऊन थांबलोय,” मी म्हणालो. “परत कसे येणार?”

“येईन बसनं. तुम्ही जा, तुमची ती तीन पत्रं राहिलीयत ना.”

चौदा माणसे चढली. दार बंद झाले. व्हॅन निघाली. त्यानंतर तीन दिवसांनी ते गावी गेले. मी तेव्हा एका सरकारी खिडकीपाशी आवक क्रमांकासाठी भांडत होतो, त्यामुळे निरोप झाला नाही. मला गफूरभाई आठवतात ते हमरियाचेच. रस्त्याच्या टोकाला गोल चौक होता. तिकडे जाणारी ती धुळकट पांढरी व्हॅन मी बघत उभा राहिलो. शेजारच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि ‘आता’ अशी खूण करून आत गेला. मागचे दोन्ही लाल दिवे लागले. चौदा माणसांनी भरलेली व्हॅन पांढऱ्या रेषेच्या हातभर अलीकडे, जराही न घसरता, थांबली. मग दिवे विझले आणि ती वळून दिसेनाशी झाली.